रिकाम्या हुकाखालचं पळसपान

१

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी वाचनालयाचं कुलूप उघडलं, सवयीनं वर पाहिलं, आणि छताला मिग नव्हतं.

वर पाहायची ही सवय मला सदाशिवभाऊंनी लावली. दारव्ह्यातलं आमचं वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना पुस्तकं आणि छताला विमानं. सगळी सागवानाची, सगळी भाऊंच्या हातची. हवाई दलात त्यांनी नोकरीभर विमानांचं अंग सांभाळलं. पत्रा, रिबिटा, पंखांचे सांधे हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा हाताला चैन पडेना म्हणून लाकूड तासायला बसले. आधी मिग-एकवीस केलं. मग अमेरिकेचं एफ-पस्तीस, रशियाचं सुखोई-सत्तावन, चीनचं जे-वीस, आपलं तेजस आणि फ्रान्सकडून आलेलं राफेल. मधला हूक पंख्यासाठी होता. पंखा काही मंजूर झाला नाही, म्हणून तिथं मिग टांगलं. उन्हाळ्यात घाम पुसत लोक त्याच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, वारा येत नाही पण येईल असं वाटतं.

मी इंदू. या खोलीची राखणदार. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे शिकायचं ते या कपाटांनी शिकवलं.

तर हूक रिकामा होता. दार फोडलेलं नव्हतं, खिडकीच्या जाळ्या जागच्या जागी. कोपऱ्यातल्या टेबलावर बॅटऱ्यांचा चार्जर हिरवा दिवा लावून मोकळाच बसला होता. मी मधल्या टेबलावर चढले. ज्या तारेनं मिग टांगलेलं होतं ती तोडलेली नव्हती. भाऊंनी विमानाच्या कामात शिकलेला पीळ घातला होता तिला. तो पीळ कुणीतरी शांतपणे सोडवला होता, आणि तारेचं नीट वेटोळं करून हुकालाच अडकवून ठेवलं होतं. पोलक्याचा हूक तुटू नये म्हणून आपण जपतो ना, तसं.

खाली उतरताना पायाखाली काहीतरी चुरचुरलं. पळसाचं पान. वाळत आलेलं, कडा वळलेल्या, मधोमध पिवळं आणि तेलकट.

ते हातात घेऊन मी उभी होते तेवढ्यात भाऊ आले. मागे त्यांची लेक उर्वशी, हातात खोका आणि जुनी चादर. आईच्या माघारी भाऊ एकटे पडले म्हणून ती त्यांना बेंगळुरूला कायमचं न्यायला आली होती. संध्याकाळी सहाला गाडी सांगितलेली. मिग चादरीत गुंडाळून सोबत न्यायचं ठरलं होतं.

भाऊंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकीच्या हातातला खोका घेऊन खाली ठेवला आणि एकच शब्द म्हणाले.

"रूपसिंग."

२

हे नाव त्यांच्या तोंडी का आलं ते कळायला मागच्या रविवारकडे जावं लागेल.

रविवारी दुपारी आमच्याकडे विमानांवरून भांडण असतं. त्याला सगळे चर्चा म्हणतात. पक्ष ठरलेले. नयन हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा अमेरिकेच्या बाजूनं. एसटीत इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला रूपसिंग रशियाच्या बाजूनं. भाऊ सगळ्यांच्या बाजूनं आणि सगळ्यांच्या विरुद्ध.

"काका, एफ-पस्तीससमोर बाकीचे म्हणजे छकडे," नयन म्हणाला. "शस्त्रं पोटात, बाहेर काही लटकत नाही. रडारवर चिमणीएवढं दिसते. त्यानं तुम्हाले पाह्यलं, मारलं, घरी जाऊन जेवलं. तुम्हाले पत्ताच नाही."

"अन् त्याच्या अंगाचा तो लेप?" रूपसिंग म्हणाला. "नवरीच्या मेंदीवाणी जपा लागते म्हणे. आपल्या सुखोई-सत्तावनचं पाह्य. लपणं थोडं कमी असंल, पण वळते कसं. भिडलं तं सोडत नाही."

"भिडूच देणार नाही ते तुम्हाले."

भाऊंनी चष्मा पुसला. म्हणजे आता ते बोलणार. "जे-वीस लांबचा गडी. पोट मोठं, दूर जाते. राफेल फार लपत नाही, पण समोरच्या रडारचे कान भरते. तेजस लहान, चपळ, घरचं पोर. ज्याचं काम त्यानं करा. अन् स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे नयनबाबू. स्टेल्थ म्हणजे उशिरा दिसणं, ते पण समोरून. अंगाचे कोपरे असे कापले असतात की रडारच्या लहरी भलतीकडेच उडून जातात. बाजूनं पाहा, वेगळं रडार लावा, तो तिथंच उभा आहे. अन् नुसत्या पळण्याचं म्हणशीन, तं हे आपलं म्हातारं मिग आजही एफ-पस्तीसच्या पुढं पळते."

"पळून करणार काय? ते दिसते ना आधीच," नयन म्हणाला, आणि रूपसिंगही हसला.

तेवढ्यात दिपाली आली. बचतगटाच्या ड्रोननं ती पिकांवर फवारणी करते. गावोगाव कापूस, सोयाबीन, तुरीवर तिचं ते यंत्र भुणभुणत असतं. तिच्या वस्तीवर लाइनीचा भरवसा नाही, म्हणून बॅटऱ्या ती आमच्याकडे चार्जिंगला लावते. हातातलं ओझं कोपऱ्यात ठेवत तिनं विचारलं, "अन् माह्या ड्रोनले कोणीच विचारत नाही काय?"

"ते खेळणं आहे, ताई," नयन म्हणाला.

"हसू नको," भाऊ म्हणाले. "जगभराचे रडारवाले आज त्या खेळण्यालेच भिऊन राह्यले. लहान, हळू, जमिनीलगत. रडारले सवय जोरात येणाऱ्याची. हळू चालणारं दिसलं की ते पाखरू समजून गाळून टाकते. नाही गाळलं तं पडदा बगळ्यांनीच भरून जाईन. वाघ शोधता शोधता घरात मांजर शिरते अन् दूध पिऊन जाते."

मग बोलणं मिगवर आलं, कारण पुढच्या महिन्यात हवाई दलातलं शेवटचं मिग-एकवीस निवृत्त होणार होतं. भाऊ थोडे वेगळ्याच आवाजात बोलायला लागले. तळावर मिग उठलं की मेसमधले स्टीलचे गिलास टेबलावर आपोआप सरकायचे. पहिल्या आठवड्यात सगळे धरायचे, नंतर कुणी धरत नसे, गिलास कुठवर जाऊन थांबतो ते ठाऊक झालेलं असायचं. पहाटे थंडीत पंखावर हात ठेवला की गाईच्या पाठीसारखा ओलसर लागायचा. लोक त्याला नावं ठेवायचे, पडते म्हणायचे. पडलं हे खरंच. त्यांच्या ओळखीचे दोघं त्यात गेले. पण जे रोज उडलं आणि रोज उतरलं, त्याची बातमी कोण छापणार?

मग दिपालीच म्हणाली, "आमच्याही घरचे रिटायर झाले, काका. बैलजोडी उन्हाळ्यात विकली. यंदा पोळ्याले गोठा रिकामा." आणि जरा थांबून, "तुमच्या मिगले जेवाचं आवतण देऊ काय मंग?"

सगळे हसले. भाऊही हसले. "दे ना. पण तूप जास्त टाकजो. रॉकेलची सवय आहे त्याले."

हसता हसता भाऊंनी सांगून टाकलं की ते शनिवारी बेंगळुरूला चालले, आणि मिग सोबत नेणार.

रूपसिंगचं हसू तिथंच थांबलं. "तू जा. मिग नाही जात."

"माहं विमान आहे ते."

"अन् चाकं?"

चाकांची गोष्ट गावाला माहीत आहे. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. लहानपणी त्या दिवशी ओढायला या दोघांत मिळून एकच लाकडी नंदीबैल होता. दोघं एकाच दोरीला धरून ओढायचे. नंदी कधीचा मोडला, चाकं रूपसिंगच्या माळ्यावर राहिली. भाऊंनी मिग तासलं तेव्हा रूपसिंगनं तीच चाकं आणून दिली. त्यातलं एक चाक फिरताना कुईकुई करतं.

"मिग गावातून हलू देत नाही मी," असं म्हणून रूपसिंग काठी टेकत निघून गेला. हे सहा-सात माणसांनी ऐकलं. आणि आता मिग नव्हतं.

३

"भाऊ, आधी मला बघू द्या," मी म्हणाले.

"पाह्यचं काय, इंदू? वाचनालयाचा सचिव तो. किल्ली त्याच्यापाशी. बोललाही तोच." ते खुर्चीवर बसले. "मिग गेलं तं गेलं. लाकूड आहे, दुसरं तासता येते. पण जाताना त्यानं मले असं करावं?"

उर्वशीनं मला दाराबाहेर घेतलं. "मावशी, सकाळपासून पाणी नाही घेतलं त्यांनी. तिकडे त्यांना ओळखीचं कुणी नाही. रूपसिंगकाकांना रोज फोन करीन, एवढ्या एका गोष्टीवर ते यायला तयार झालेत. हे मनात घेऊन निघाले तर तिथं नुसते भिंतीकडे बघत बसतील."

"तू कधी आलीस गं?"

"काल रात्री. माझ्यावर संशय आहे ना? असू द्या. मला सामान कमीच हवं होतं." तिनं मोबाइलवर उघड्या बॅगेचा फोटो दाखवला. बापाचे स्वेटर बाहेर काढून मध्ये मिगच्या आकाराची जागा ठेवलेली होती, बाजूला उशा लावून. ज्याला एखादी वस्तू नको असते तो तिच्यासाठी उशा लावत नाही.

नयन त्याच्या खोलीवर नकाशे पाठ करत होता. मधल्या हुकावर त्याला त्याचं प्लॅस्टिकचं एफ-पस्तीस टांगायचं होतं, महिनाभर तो माझ्या मागे लागला होता.

"मावशी, मी बुधवारीच ढाणकीले गेलतो. आत्ता जीपनं आलो." मामाच्या बैलांसोबतचे फोटो त्यानं दाखवले, एकात बैलानं त्याची टोपी तोंडात धरलेली. पळसपान पाहून तो एक पाऊल मागे सरला. "हे करणीचं असंल. हात काहून लावला तुम्ही?"

"मिगवर करणी कोण करील रे?"

"पाकिस्तान," तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

राहिला रूपसिंग.

त्याच्या दाराशी पोळ्याच्या पळसाच्या फांद्या होत्या. अंगणात बैल, शिंगांना निळा रंग, पाठीवर कालची झूल. त्याच्या नखांत हळद. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "आली काय तू पंचनाम्याले? बाजारातून आताच दोघं सांगून गेले. सदाशिव मले चोर म्हणून राह्यला म्हणे."

"किल्ली तुमच्याजवळ आहे."

"आहे. अन् हा गुडघा? टेबलावर चढून छतापर्यंत मी काय उडत गेलो?"

"घरात पोरं आहेत."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. "एका नंदीची दोरी धरली आम्ही. तो पुढं, मी मागं. मले पाह्यजे असतं तं त्याच्या तोंडावर उचलून आणलं असतं. अन् आता मले माहीत असतं ना इंदू, तरी सांगितलं नसतं. जाऊ दे त्याले. मी निरोपाले चौकात पण येत नाही."

मी पान पुढे केलं. त्यानं ते उलटं केलं, नाकाशी धरलं, आणि त्याचा राग क्षणभर बाजूला झाला.

"हे तं खांदशेकणीचं पान. हळद अन् तूप. परवाचं आहे, पाह्य ना कसं वाळलं." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जिथं जू बसतं, तिथं. मग बैलाच्या कानाशी लागून सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. "हे कुठं सापडलं तुले?"

"हुकाखाली."

"वाचनालयात?" रूपसिंगनं पान मला परत दिलं. "चोर कोयता आणंल, पोतं आणंल. हे घेऊन कायले येईन?"

४

दुपारी वाचनालयात एकटी बसले. बाहेर पोरं आपापल्या नंद्यांना बेगड चिकटवत होती, डिंकासाठी दोनदा आत येऊन गेली. मी तारेचं वेटोळं आणि पान समोर ठेवलं.

तार तोडली नाही, सोडवली. सोडवून फेकली नाही, जपून ठेवली. म्हणजे नेणाऱ्याला मिग परत आणायचं होतं आणि त्याच तारेनं टांगायचं होतं. नेणारा चोर नव्हता.

पान खांदशेकणीचं. खांदशेकणी गुरुवारी संध्याकाळी. काल पोळा, वाचनालय बंद. म्हणजे मिग गुरुवारीच गेलं. उर्वशी तेव्हा बेंगळुरूत, नयन ढाणकीला. उरला रूपसिंग, पण ज्याच्या गोठ्यात बैल उभे आहेत तो त्या संध्याकाळी गोठा सोडून कशाला येईल?

आणि पान टेबलाखाली पडलं कसं? कुणीतरी इथं, या खोलीत कुणाचातरी खांदा शेकला. इथं बैल तर येत नाहीत.

पण कुलूप? किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक रूपसिंगकडे. इथं येऊन मी पुन्हा पुन्हा अडत होते. आमच्या खोलीत कुणी आलं असतं तर मला दिसलं असतं, असं मी स्वतःलाच सांगत होते. मला तर सगळं दिसतं. कोण पुस्तकाची पानं दुमडतो, कोण मासिकातली पाककृती फाडतो, सगळं.

कोपऱ्यातल्या चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकला.

गुरुवारी दुपारी मी घरी गेले तेव्हा त्याच्यावर बॅटऱ्या होत्या. आज सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा नव्हत्या. हे मी सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून गाळून टाकलं होतं.

किल्ल्या तीन होत्या. तिसरी मीच करून दिली होती, पहाटे बॅटऱ्या न्यायच्या म्हणून. ती येते, जाते, कुणाला त्रास नाही, आवाज नाही. इतकी रोजची की माझ्या पडद्यावर ती उमटायचीच बंद झाली. आम्ही सगळे वाघ शोधत होतो.

दिपाली. जिचा गोठा यंदा रिकामा होता.

मी फोन लावत राहिले. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेजारणीनं सांगितलं, ती पहाटेच लांबच्या वस्तीवर तुरीवर फवारायला गेली, घरी कुलूप, लेक तान्ह्या पोळ्याला गेली. चारला तिथं पोळा फुटणार होता, पोरं चाकांवरचं जे असेल ते ओढत धावणार होती. भाऊंची गाडी सहाला.

मी भाऊंच्या घरी गेले. ते बॅगेवर बसले होते.

"उठा," मी म्हणाले. "मिग दाखवते." हे बोलताना माझ्यापाशी एक पान, एक तार आणि एक रिकामा चार्जर याशिवाय काही नव्हतं.

५

शाळेच्या मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं आणि त्याखाली नंद्यांची रांग. तळहाताएवढ्या नंदीपासून पोराहून उंच नंदीपर्यंत. रूपसिंग दरवर्षी नंद्यांचा परीक्षक असतो, त्यामुळे चौकातही न येणारा तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. नातवांनी ओढून आणलं असणार. भाऊंना पाहून त्यानं तोंड फिरवलं. भाऊंनीही.

"कुठं आहे?" भाऊंनी विचारलं.

मी रांग पाहिली. नंदी, नंदी, नंदी. शिंगं, बाशिंगं, बेगडाच्या पट्ट्या. मध्ये दिपालीची लेक समीक्षा, नवा फ्रॉक घालून. तिच्याही पुढ्यात कपाळावर बाशिंग बांधलेला, कागदी शिंगांचा नंदी. अंगावर खऱ्या बैलाची मोठी झूल, चाकांपर्यंत लोळणारी. समोरून तो नंदीच होता, जरा लांब नाकाचा.

"इंदू, गाडी येईन," भाऊ म्हणाले. "चाल. उगीच तमाशा नको."

तेवढ्यात डफडं वाजलं आणि पोळा फुटला. पोरांनी दोऱ्या ओढल्या. सगळा मेळा धावत आमच्या अंगावरून पुढे गेला, आणि त्या गोंगाटात एक बारीक आवाज आला. कुई. कुई. कुई.

भाऊ थांबले. मैदानाच्या त्या टोकाला रूपसिंगची काठीही थांबली.

"भाऊ," मी म्हणाले, "समोरून नका पाहू. बाजूनं पाहा."

समीक्षा आमच्यासमोरून वळली. बाजूनं पाहिलं तर झूल दोन्हीकडे तिरपी फुगलेली होती, तंबूसारखी, मागे उंच शेपटी. कुठल्याही बैलाला असे खांदे नसतात.

भाऊ पोरीपुढे उकिडवे बसले. "बेटा, तुह्या नंदीचं नाव काय?"

"मिग. हा रिटायर झाला. काल आमच्याकडे जेवला." ती जरा जवळ सरकली. "पुरणपोळी त्याची मीच खाल्ली."

दिपाली तेवढ्यात पोहोचली, अंगावर कामाचा निळा शर्ट, तोंडाचा रुमाल गळ्यात. रस्त्यात रेंज आल्यावर माझे अकरा मिस कॉल दिसले म्हणून गाडी पळवत आली होती. आमचे चेहरे पाहून ती गोंधळली.

"काय झालं? काका, तुम्हीच तं म्हणले होते, दे ना म्हणून. गुरुवारी आली, तिथंच टेबलावर घेऊन खांदा शेकला, आवतण देलं. आवतण देलेला बैल घरी जेवाले न्या लागते ना. आज पोळा झाला की टांगूनच देत होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तार ठेवली होती, इंदूताई. सापडली नाही काय?"

ती सगळ्यांसमोर विचारून गेली होती. भाऊंनी सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं. आम्ही सहा-सात माणसं हसलो होतो, आणि जिला उत्तर खरंच हवं होतं तिला ते मिळालं होतं.

भाऊंनी झूल हळूच वर केली. पंख जिथं अंगाला जुळतात त्या दोन्ही सांध्यांवर हळद होती. पंखाच्या टोकाला नाही, नाकाला नाही, नेमकी तिथंच. त्यांनी तिथं अंगठा फिरवला.

"विमानाचा खांदा इथंच असते," ते म्हणाले. "सगळा भार इथंच येते. आयुष्यभर हेच सांधे पाह्यले मी. या सांध्यांले कोणी तूप लावंल असं नव्हतं वाटलं."

६

भाऊ उठले तेव्हा रूपसिंग समोर उभा होता. एवढं मैदान त्या गुडघ्यानं तो कसा चालत आला, कुणी पाहिलं नाही.

"सापडलं?" रूपसिंगनं विचारलं.

"सापडलं."

"मंग जाय आता. गाडी येईन तुही."

भाऊ जागचे हलले नाहीत. "रूपसिंग, मी सकाळी..."

"राहू दे. तुह्या रडारचा पडदा जुना झाला बे. दोस्त कोण, दुश्मन कोण, काहीच दिसत नाही त्यात."

"हो," भाऊ म्हणाले. "जुना झाला."

एवढंच. रूपसिंगला बहुतेक वादाची तयारी फुकट गेल्याचं वाईट वाटलं असावं. तो काठीवर भार टाकून मिगकडे पाहत राहिला. नंदीची ती चाकं किती वर्षांनी या मैदानावर फिरली होती. मग कण्हत वाकला, पंखाच्या सांध्यावरची हळद बोटावर घेतली, आणि भाऊंच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खांद्यावर, चोळली.

"आज आवतण घे," तो म्हणाला. "उद्या जेवाले ये."

"मी काय बैल आहो काय बे?"

"बैलच आहे. रिटायर झालेला. अन् आवतण देलेला बैल उपाशी गाव सोडत नाही, आताच सांगितलं ना दिपालीनं."

भाऊंनी उर्वशीकडे पाहिलं. ती आधीच फोन कानाला लावून बाजूला गेली होती. "हो दादा, आज नको," ती गाडीवाल्याला सांगत होती. "परवा या. नाही, कुणी आजारी नाही. जेवायला थांबलोय."

दुसऱ्या दिवशी रविवार. रूपसिंगच्या घरी आम्ही सगळे जेवलो. नयननं पाचव्या पोळीवर एफ-पस्तीसची बाजू सोडली आणि आमटीच्या दुसऱ्या वाटीवर परत धरली. दिपालीनं सांगून टाकलं की ज्याला जे उडवायचं ते उडवा, उद्या सकाळी तिला तुरीवर जायचंय. आणि दोन म्हाताऱ्यांचं नवीन भांडण सुरू झालं. रूपसिंग म्हणे मिग घेऊन जा, तुहं आहे. भाऊ म्हणे ठेव, चाकं तुही आहेत.

सोमवारी निघताना भाऊ वाचनालयात आले. मिग मधल्या टेबलावर उभं होतं, चाकांवर, खांद्याला हळद तशीच. मला वाटलं, ते टांगून जातील. ते टेबलावर चढले, हुकाला अडकवलेलं तारेचं वेटोळं काढलं, आणि खिशात घातलं.

"भाऊ, तार?"

"पीळ माह्याशिवाय कोणाले जमत नाही. पुढच्या पोळ्याले येतो अन् बांधून देतो."

पीळ काही इतका अवघड नाही. दिपालीनं तर तो एकटीनं सोडवला होता. पण ते उतरेपर्यंत मी टेबल घट्ट धरून ठेवलं.

लोक अजून सवयीनं वर पाहतात. हूक रिकामाच आहे.